अल्पकर्बोदक आहारातील कॉफी आणि तिचा गोडवा : निफाड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

मधुमेह व स्थूलता यांच्या वाढत्या प्रमाणामुळे कर्बोदकांचे प्रमाण कमी ठेवणाऱ्या आहारपद्धतींकडे सुशिक्षित वर्गाचे लक्ष वेधले गेले आहे. भात, पोळी व बटाटा यांचे प्रमाण कमी करणारी व्यक्ती दिवसभरात घेतल्या जाणाऱ्या चहा-कॉफीचा हिशोब मात्र सहसा ठेवत नाही. कॉफी या पेयात मुळात कर्बोदके जवळजवळ नसतात. ती दूध, साखर, गूळ व तयार मिश्रणे यांच्या वाटेने कपात येतात. प्रस्तुत लेखात कपातील कर्बोदकांचे गणित, साखरेचे पर्याय, त्यांविषयीचे उपलब्ध पुरावे आणि औषधोपचार घेणाऱ्यांनी बाळगावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : अल्पकर्बोदक आहार, कॉफी, दुग्धशर्करा, कृत्रिम गोडी, मधुमेह, निफाड.

प्रस्तावना

पिंपळगाव बसवंत हे नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील, मुंबई–आग्रा महामार्गावर वसलेले मोठे बाजारपेठेचे गाव आहे. द्राक्षबागा, कांदा व टोमॅटो यांची उलाढाल आणि एकेकाळची सहकारी साखर कारखानदारी यांनी या परिसराचे अर्थकारण घडविले. भाऊसाहेबनगर व रानवड ही नावे आजही येथील लोकांच्या मनात साखर कारखान्यांशीच जोडलेली आहेत. अशा परिसरात गोड पदार्थ हा केवळ आहाराचा घटक नसून सुबत्तेची व आतिथ्याची खूण मानला जातो. हिवाळ्यात निफाडचे तापमान अनेकदा राज्यातील नीचांकी तापमानांत गणले जाते. त्या कडाक्यात पहाटे बागेत जाणारा शेतकरी असो, लिलावासाठी आलेला व्यापारी असो वा सकाळच्या पहिल्या तासिकेला निघालेला प्राध्यापक असो, गरम पेयाशिवाय कोणाचाही दिवस सुरू होत नाही.

या परिसरात चहाचे प्राबल्य असले तरी मराठी मध्यमवर्गीय घरात कॉफीलाही स्वतःचे स्थान आहे. पाहुण्यांसाठी दुधात उकळलेली, भरपूर साखर आणि किसलेले जायफळ घातलेली कॉफी ही या घरांची ओळख आहे. दक्षिणेकडील गाळणीच्या कॉफीत डिकॉक्शन प्रधान असते, तर मराठी घरगुती कॉफीत दूध प्रधान असते. हा फरक केवळ चवीचा नाही. कर्बोदके मोजू पाहणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरतो.

विषयाचे महत्त्व

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख, तर मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्तींची संख्या सुमारे १३ कोटी ६० लाख आहे. प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण या अभ्यासात ११.४ टक्के आढळले. भारतीय आहारातील एकूण उष्मांकांपैकी साठ टक्क्यांहून अधिक उष्मांक कर्बोदकांतून येतात, हेही विविध पाहण्यांतून पुढे आले आहे. या पार्श्वभूमीवर कर्बोदके कमी करण्याचा सल्ला अनेक रुग्णांना मिळतो. मात्र आहारपत्रकात न्याहारी, दुपारचे जेवण व रात्रीचे जेवण यांचे रकाने असतात. शिक्षककक्षातील अकराच्या कपाला रकाना नसतो.

अल्पकर्बोदक आहार : संकल्पना व पूर्वपीठिका

कर्बोदके कमी करण्याचा विचार नवा नाही. लंडन येथील विल्यम बँटिंग यांनी डॉ. विल्यम हार्वे यांच्या सल्ल्याने साखर, पाव, बटाटा इत्यादी पदार्थ वर्ज्य करून वजन घटविले आणि १८६३ मध्ये आपला अनुभव पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केला. त्यांच्या न्याहारीत चहाचा समावेश होता, परंतु तो दूध व साखर यांविना घ्यावयाचा होता. म्हणजेच आधुनिक काळातील या पहिल्या लोकप्रिय आहारपद्धतीतच पेयात काय मिसळावे या प्रश्नाचे उत्तर दिलेले आढळते. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकामुळे हा विचार जगभर पोहोचला. आज दैनिक १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकांच्या आहारास सामान्यतः अल्पकर्बोदक आहार म्हटले जाते. २० ते ५० ग्रॅमपर्यंत मर्यादित आहारास अतिअल्प कर्बोदक किंवा कीटोजनिक आहार अशी संज्ञा आहे.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा वेगळ्या मार्गाने घरोघरी पोहोचली. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी व्याख्यानांतून मांडलेला विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धती प्रचारात आणली. दोन जेवणांच्या मधल्या काळात पाणी, पातळ ताक, दूध व साखर न घातलेला काळा वा हिरवा चहा अशी मोजकीच पेये या पद्धतीत चालतात. मराठी घरांत बिनदुधाचा व बिनसाखरेचा कप दिसू लागला, यात या प्रचाराचा वाटा मोठा आहे.

तथापि या दोन पद्धतींतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. दोन वेळा जेवणाच्या पद्धतीत मुख्य प्रश्न ‘केव्हा’ हा आहे, कारण खाण्याची प्रत्येक वेळ इन्सुलिनच्या स्रवणाशी जोडली जाते. अल्पकर्बोदक आहारात मुख्य प्रश्न ‘किती’ हा आहे. जेवणासोबत घेतलेला दूध-साखरेचा कप पहिल्या पद्धतीत आक्षेपार्ह ठरेलच असे नाही. दुसऱ्या पद्धतीत मात्र तो कोणत्याही वेळी घेतला तरी त्यातील कर्बोदके दिवसाच्या बेरजेत धरावीच लागतात. हा भेद न ओळखल्यास दोन्ही पद्धतींची सोयीस्कर सरमिसळ होते आणि अपेक्षित परिणाम दिसत नाही.

कपातील कर्बोदकांचे गणित

कॉफीच्या बियांतील बहुतेक कर्बोदके पाण्यात न उतरता चोथ्यातच राहतात. त्यामुळे काळ्या कॉफीच्या कपातून मिळणारी कर्बोदके एक ग्रॅमपेक्षाही कमी असतात आणि उष्मांकही नगण्य असतात. गायीच्या वा म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ५ ग्रॅम दुग्धशर्करा असते. चहाचा सपाट चमचा साखर म्हणजे सुमारे ४ ग्रॅम आणि घरोघरी वापरला जाणारा शिगोशीग चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. या आधारे १५० मिलिलिटरच्या कपाचा अदमासे हिशोब पुढीलप्रमाणे मांडता येतो.

तक्ता क्र. १ : कॉफीच्या कपातील कर्बोदके (अदमासे, ग्रॅममध्ये)

| कॉफीचा प्रकार | एका कपात | दिवसातील ४ कपांत |
|---|---|---|
| काळी, काहीही न घालता | १ पेक्षा कमी | ४ पेक्षा कमी |
| २० मिलि. दूध, बिनसाखरेची | १ ते २ | ४ ते ८ |
| १०० मिलि. दूध, बिनसाखरेची | ५ | २० |
| १०० मिलि. दूध, १ चमचा साखर | १० | ४० |
| १०० मिलि. दूध, २ चमचे साखर | १५ | ६० |
| १०० मिलि. दूध, १० ग्रॅम गूळ | १३ ते १४ | ५२ ते ५६ |

तक्त्यावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब अशी की, दोन चमचे साखर घातलेले चार कप १३० ग्रॅमच्या मर्यादेचा जवळजवळ निम्मा भाग व्यापतात आणि ५० ग्रॅमची मर्यादा तर एकट्यानेच ओलांडतात. अशा व्यक्तीने भाकरी निम्मी केली तरी कमावलेले कपात गमावले जाते. दुसरी बाब म्हणजे साखर पूर्ण बंद केली तरी दुधाळ कॉफीचे चार कप २० ग्रॅम कर्बोदके देतात. सौम्य मर्यादा पाळणाऱ्यास ही फारशी अडचण नाही; परंतु अतिअल्प कर्बोदक आहार घेणाऱ्याची दिवसाची सर्व मुभा त्यात संपू शकते. तिसरी बाब अशी की, दुधाचे प्रमाण घटविणे हा साखर घटविण्याइतकाच परिणामकारक, परंतु दुर्लक्षित उपाय आहे.

दुधाविषयी एक गैरसमज येथे दूर करणे उचित ठरेल. साय काढलेले दूध ‘हलके’ मानले जाते. साय काढल्याने मेद व उष्मांक कमी होतात. दुग्धशर्करा मात्र दुधातच राहते. त्यामुळे कर्बोदकांच्या दृष्टीने सायीचे आणि बिनसायीचे दूध जवळजवळ समान असते. याउलट काळ्या कॉफीत चमचाभर घट्ट साय घातल्यास अत्यल्प कर्बोदकांत दुधाळ चव मिळते, मात्र मेद वाढतो. कॉफीत लोणी वा तूप घालण्याची प्रथाही याच तर्कातून आली आहे. एका मोठ्या चमचाभर, म्हणजे १५ ग्रॅम तुपातून सुमारे १३५ उष्मांक मिळतात आणि त्यातील बराचसा मेद संपृक्त असतो. कर्बोदके शून्य असल्याने तो पदार्थ मुक्तपणे घ्यावा, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

बाजारातील तयार पदार्थांबाबत वेष्टनावरील मजकूर वाचणे अपरिहार्य आहे. कॉफी-चिकोरी मिश्रणात भारतीय नियमांनुसार किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते. चिकोरीच्या मुळांत इन्युलिन हे तंतुमय कर्बोदक असते; एका कपातील त्याचे प्रमाण अल्प असल्याने त्याची फारशी चिंता करण्याचे कारण नाही. चिंता करावी ती दूधभुकटी व साखर आधीच मिसळलेल्या पुड्यांची आणि यंत्रातून मिळणाऱ्या कॉफीची. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखरेचे नाव प्रथम असल्यास त्या पुडीत कॉफीपेक्षा साखरच अधिक आहे, हे समजावे. कपासोबत येणारी बिस्किटे, खारी व टोस्ट यांचाही समावेश याच हिशोबात होतो. एका लहान ग्लुकोज बिस्किटातून सुमारे साडेतीन ते चार ग्रॅम कर्बोदके मिळतात. चार बिस्किटे म्हणजे आणखी एक साखरेचा कप होय.

नैसर्गिक गोडी : गूळ, मध व बेदाणे

साखरेऐवजी गूळ ही सूचना ग्रामीण व नागर दोन्ही समाजांत आदराने स्वीकारली जाते. गुळात लोह व इतर खनिजे अल्प प्रमाणात असतात, हे खरे आहे. परंतु १०० ग्रॅम गुळात सुमारे ८५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्यातील मुख्य घटक उसाची साखर हाच असतो. शिवाय गूळ साखरेपेक्षा थोडा कमी गोड लागत असल्याने तो हात सैल सोडून घातला जातो. मधात सुमारे ८० टक्के शर्करा असते. मध घट्ट व जड असल्याने त्याचा चमचा साखरेच्या चमच्यापेक्षा वजनाने अधिक भरतो. द्राक्षपट्ट्यात बेदाणे भिजवून त्यांचा गर गोडीसाठी वापरण्याचा पर्यायही सुचविला जातो. द्राक्षात पाण्याचा मोठा अंश असतो. तो उडाल्यावर उरलेल्या बेदाण्यात शर्करेचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत जाते. तात्पर्य, हे पदार्थ आहारात अन्यत्र उपयुक्त असले तरी अल्पकर्बोदक कॉफीचे ते उत्तर नव्हेत. ‘नैसर्गिक’ आणि ‘कर्बोदकविरहित’ हे शब्द समानार्थी नाहीत.

कृत्रिम व अल्पोष्मांक गोडी

सॅकरिनचा शोध १८७९ मध्ये कॉन्स्टँटिन फालबर्ग यांना अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अनपेक्षितपणे लागला. त्यानंतर ॲस्पार्टेम (१९६५) व सुक्रालोज (१९७६) ही संयुगे आढळून आली. ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट, तर सुक्रालोज सुमारे ६०० पट गोड असते. पॅराग्वे व ब्राझीलच्या प्रदेशातील स्टीव्हिया वनस्पतीपासून मिळणारे ग्लायकोसाइड साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असून भारतात त्याच्या वापरास २०१५ मध्ये परवानगी मिळाली.

कॉफीत यांचा वापर करताना काही व्यावहारिक बाबी लक्षात घ्याव्यात. ॲस्पार्टेम दीर्घकाळ उकळल्यास विघटित होऊन त्याची गोडी कमी होते. म्हणून ते पातेल्यात न टाकता कपात ओतलेल्या कॉफीत घालावे. सुक्रालोज व स्टीव्हिया उष्णतेस तुलनेने टिकाऊ आहेत. फिनाइलकीटोन्यूरिया हा दुर्मीळ आनुवंशिक विकार असणाऱ्यांनी ॲस्पार्टेम टाळणे अनिवार्य आहे. पुडीतील गोड द्रव्य अत्यल्प असल्याने तिला आकारमान देण्यासाठी माल्टोडेक्स्ट्रीन, डेक्स्ट्रोज वा दुग्धशर्करा मिसळलेली असते. एका पुडीतील हे भरण एक ग्रॅमच्या आसपास असले तरी दिवसातील आठ-दहा पुड्यांचे भरण दुर्लक्षणीय राहत नाही. शर्करामद्यांपैकी एरिथ्रिटॉलचा रक्तशर्करेवर जवळजवळ परिणाम होत नाही. माल्टिटॉलमुळे मात्र ती वाढू शकते. दोन्ही पदार्थ ‘शुगर-फ्री’ याच नावाखाली विकले जातात.

सुरक्षिततेविषयीचे पुरावे एकाच दिशेचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजननियंत्रणाचे साधन म्हणून अशा गोड द्रव्यांचा वापर करू नये, अशी सशर्त शिफारस केली. आधीपासून मधुमेह असलेल्या व्यक्तींना ती लागू नाही, हेही तिथेच नमूद आहे. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला ‘संभाव्य कर्कजनक’ गटात स्थान दिले. त्याच वेळी संबंधित तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दररोज ४० मिलिग्रॅम ही पूर्वीची मर्यादा कायम ठेवली. इस्रायलमधील संशोधकांच्या २०२२ मधील प्रयोगात सॅकरिन व सुक्रालोज यांमुळे काही निरोगी व्यक्तींच्या शर्करानियंत्रणात बदल दिसून आले. एरिथ्रिटॉलची रक्तातील पातळी व हृदयविकार यांच्यातील सहसंबंध २०२३ मध्ये नोंदविला गेला. तथापि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे.

भारतीय वाचकास विशेष उपयुक्त ठरणारा प्रयोग चेन्नई येथील मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने केला. मधुमेही व्यक्तींच्या चहा-कॉफीतील साखरेऐवजी १२ आठवडे सुक्रालोज देण्यात आले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या तीन महिन्यांच्या सरासरी रक्तशर्करेत लक्षणीय फरक पडला नाही. वजन व कमरेचा घेर यांत मात्र अल्प घट झाली. हा निष्कर्ष संयत आहे आणि म्हणूनच बोधप्रद आहे. कपातील साखर बदलल्याने आपत्ती ओढवत नाही आणि चमत्कारही घडत नाही; उर्वरित आहार तसाच राहिल्यास लाभही मर्यादितच राहतो.

कॉफीचे स्वतःचे परिणाम

साखर व दूध वगळल्यावर उरणारी कॉफी सर्वस्वी निष्क्रिय नसते. नेदरलँड्समधील २००२ च्या अभ्यासात अधिक कॉफी पिणाऱ्यांमध्ये दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले आणि पुढील अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांनी त्यास दुजोरा दिला. दुसरीकडे कॅफीनमुळे इन्सुलिनप्रतीची संवेदनशीलता तात्पुरती कमी होते. त्यामुळे काळी कॉफी घेऊनही एखाद्याच्या ग्लुकोमीटरवर आकडा किंचित वर जाऊ शकतो. तो कपात साखर असल्याचा पुरावा नसतो. गाळणकागदाविना केलेल्या कॉफीतील कॅफेस्टॉल हा घटक रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवितो, तर कागदी गाळणीत तो बहुतांशी अडतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दैनिक कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत असावे. १५० मिलिलिटर गाळीव कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, तर झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. लोहाच्या शोषणात अडथळा येत असल्याने जेवणापूर्वी व जेवणानंतर एक तास चहा-कॉफी टाळण्याचा सल्लाही त्यात आहे. पंडुरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या समाजात, विशेषतः महिला व विद्यार्थिनींच्या संदर्भात, ही सूचना महत्त्वाची आहे.

औषधोपचार घेणाऱ्यांसाठी दक्षता

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या व्यक्तीने कर्बोदके अचानक घटविल्यास औषधाची मात्रा तीच राहून रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. दररोज चार गोड कप घेणाऱ्याने ते एकाच दिवशी बंद करणे म्हणजे ६० ग्रॅम कर्बोदके एकदम वगळणे होय. हा बदल वैद्यकीय सल्ल्याने व औषधाच्या फेरआढाव्यासहच करावा. घाम, थरथर, धडधड, गोंधळलेपण अशी लक्षणे दिसल्यास तातडीने सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी लागते. अशा वेळी कृत्रिम गोडीची पुडी निरुपयोगी असते, कारण ती जिभेस गोड लागते पण रक्तास शर्करा देत नाही. म्हणून साखर वर्ज्य केलेल्या घरात व शिक्षककक्षातही साखरेचा छोटा डबा असावा, ही विसंगती नसून सुरक्षितता आहे. डापाग्लिफ्लोझिन गटातील औषधे घेणाऱ्यांनी अतिअल्प कर्बोदक आहार स्वतःहून सुरू करू नये. रक्तशर्करा फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस ही गंभीर अवस्था उद्भवू शकते.

चव व सामाजिक व्यवहार

गोडीची सवय बदलू शकते, परंतु तिला अवधी लागतो. आठवड्यागणिक अर्धा चमचा या क्रमाने साखर घटविल्यास बदल सुसह्य होतो. कडवटपणा कमी झाला की साखरेची गरजही घटते. रोबस्टापेक्षा अरेबिका बियांची कॉफी सौम्य असते. जास्त भाजलेली व जास्त उकळलेली कॉफी अधिक कडू लागते. चिमूटभर मिठाने कडवटपणा दबतो, हे संवेदनशास्त्रातील प्रयोगांनी दाखविले आहे. वेलदोडा, दालचिनी आणि मराठी घराच्या परिचयाचे जायफळ यांचा गंध गोडीचा आभास निर्माण करतो. जायफळ मात्र चिमटीपुरतेच वापरावे; अधिक मात्रेत ते अपायकारक ठरते. अशा प्रकारे परंपरेतील जायफळ कायम ठेवून दूध व साखर कमी करता येते.

सर्वांत मोठी अडचण रासायनिक नसून सामाजिक आहे. बाजार समितीच्या आवारात, कार्यालयात वा कोणाच्या घरी पुढे आलेला कप नाकारणे म्हणजे माणसाला नाकारणे, अशी भावना आहे. त्यातच कॉफी किंवा चहा एकाच पातेल्यात दूध व साखरेसह उकळला जात असल्याने पिणाऱ्यास निवडीस वाव राहत नाही. येथे संयम एकट्या रुग्णाकडून अपेक्षिणे अन्यायकारक आहे. पातेल्यात साखर न घालता ती वेगळी ठेवणे हा छोटासा बदल यजमानाच्या हाती आहे. त्यामुळे गोड पिणाऱ्याचे काही बिघडत नाही आणि न पिणाऱ्यास कारणे सांगत बसावे लागत नाही.

निष्कर्ष व सूचना

१. अल्पकर्बोदक आहारात कॉफी वर्ज्य नाही. दूध व साखर यांचा हिशोब मात्र अनिवार्य आहे.

२. गूळ, मध व बेदाणे हे कर्बोदकांच्या दृष्टीने साखरेचेच भाऊबंद आहेत.

३. कृत्रिम गोडी हा संक्रमणकाळातील आधार मानावा. गोडीची सवय कमी करणे हे अंतिम उद्दिष्ट असावे.

४. मधुमेहावर औषधे घेणाऱ्यांनी कपातील बदलाचीही माहिती आपल्या डॉक्टरांना द्यावी.

५. महाविद्यालयीन उपाहारगृहे, शिक्षककक्ष, बैठका व चर्चासत्रे यांत बिनसाखरेचे पेय आणि वेगळी साखर अशी व्यवस्था करावी. त्यास स्वतंत्र निधी वा ठरावाची आवश्यकता नाही.

ज्या परिसराने ऊस व द्राक्ष पिकवून इतरांच्या जीवनात गोडी आणली, त्या परिसरास गोडीचा तिरस्कार शिकविण्याचे प्रयोजन नाही. गोडी किती घ्यावी, हे पातेल्याने न ठरविता पिणाऱ्याने जाणीवपूर्वक ठरवावे, एवढेच प्रस्तुत विवेचनाचे सार आहे.